अढीतलं लिंबू

फ्रिस्को, टेक्सस
फेब्रुवारी २००७

तीर्थरूप प्रतापदादास,

तुझी धाकटी बहीण लतिका हिचा, एक हात कमरेवर ठेवून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार कंबर बरी झाली की पाठवीन.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मैदानावर जायला बंदी केल्यापासून तू गच्चीत खुर्ची टाकून शिट्टी वाजवतोस आणि खालची पोरं उगाच धावत सुटतात, असं नीलांबरीवहिनी सांगत होती. ऐकून बरं वाटलं. निवृत्त पी.टी. मास्तराची शिट्टी काढून घेतली तर तो आजारी पडतो. नागपुरात आता मृग बहाराची संत्री आली असतील. इथेही संत्री मिळतात, पण त्यांना वास नसतो. नुसता रंग आणि आत्मविश्वास असतो.

हे पत्र आमची शेजारीण गिरिजा घेऊन येते आहे. ती रविवारी नागपुरात उतरेल. फोन केला नाही, कारण तू फोनवर बोलतोस ते रिसीव्हर न उचलताही वरच्या मजल्यावर ऐकू येतं, आणि वरच्या मजल्यावर आमचा वेदांत असतो, आणि मजकूर वेदांतचाच आहे.

तुला ठाऊकच आहे, कॉलेज संपल्यावर बास्केटबॉलच्या मोठ्या लीगनं त्याला घेतलं नाही, म्हणून नोव्हेंबरपासून तो डी-लीगमध्ये खेळतो. (पूर्वी इथली पोरं शाळेच्या बाकावरून उठून थेट मोठ्या लीगमध्ये जायची. आता तसं चालत नाही, आधी एकोणीस पूर्ण करावी लागतात.) डी म्हणजे डेव्हलपमेंट, असं मी सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "म्हणजे ड तुकडी?" मी तेव्हा रागावले होते. पण दादा, ती ड तुकडीच आहे रे. तीच सहा फुटांवरची, मागच्या बाकावर गुडघे न मावणारी, मनानं फार चांगली मुलं. टीमचं नाव तुला लिहीत नाही, कारण पुढच्या हंगामात नाव आणि गाव दोन्ही बदलण्याचा संभव आहे. सामन्यांना जावं तर डाव्या हाताला नवी घरं उभी राहताहेत, उजव्या हाताला अजून गाई चरताहेत, आणि मध्ये हे भलंमोठं स्टेडियम, तीन चतुर्थांश रिकामं. आत पॉपकॉर्नचा वास आणि दिव्यांचा पिवळट उजेड. चेंडू लाकडावर आपटला की त्याचा आवाज रिकाम्या खुर्च्यांमधून फिरून येतो. मला तिथे फार गाढ आणि गोड पेंग येते. वेदांत चेंडू वर सोडतो, तो वर जाऊन क्षणभर थांबतो, काहीतरी विसरल्यासारखा, आणि तेवढ्या वेळात माझा डोळा लागून उघडतो.

सुरुवातीला एक घोटाळा झाला. एकदा जेवताना वेदांत म्हणाला, "बाबा, मी बेंचवर आहे." सत्यजितचा घास हातातच राहिला. तुला आमच्या घरातला या शब्दाचा इतिहास माहीत नाही. २००१ साली यांच्या कंपनीनं यांना बेंचवर बसवलं होतं. म्हणजे प्रोजेक्ट नाही, काम नाही, घरी बसायचं, फोनकडे पाहायचं, आणि व्हिसा आहे तोवर आपण आहोत असं समजायचं. त्या हिवाळ्यात आमच्याकडे सुतक असल्यासारखं हळू बोलत असत. तेव्हा हे मला काहीही न सांगता दुसऱ्या दिवशी टाय बांधून थेट कोचला भेटायला गेले आणि म्हणाले की मुलगा अतिशय मेहनती आहे, लवकर शिकतो आणि कुठेही रिलोकेट व्हायची त्याची तयारी आहे. कोच भला माणूस. त्यानं बोट दाखवून समजावलं, की सर, त्याला फक्त त्या बाकापासून या रेषेपर्यंत रिलोकेट व्हायचंय, आणि ते मी गुरुवारी करतो आहे.

गुरुवारच्या आधी एका सामन्याहून तिघं परतताना गाडीत हे पुन्हा बाकाचंच काढून बसले. यांना धीर यावा म्हणून मी म्हटलं, अहो, ती अख्खी लीगच लिंबूटिंबू आहे, तिथे बाकाचं काय घेऊन बसलात. मागच्या सीटवरून वेदांतनं विचारलं, लिंबूटिंबू म्हणजे काय. (नवव्या वर्षी इथे आला, मराठीची निम्मी पेटी विमानतळावरच राहिली.) मी सांगितलं: मोठ्यांच्या खेळात जे लहान पोर घ्यावंच लागतं, ते लिंबूटिंबू. ते पळतं, पकडतं, ओरडतं, आउटसुद्धा होतं, फक्त त्याचा आउट धरत नाहीत. मला वाटलं, पोर दुखावेल. ते खिडकीतून गाईंकडे बघत बराच वेळ हसत राहिलं. पुढच्या सामन्याला त्याच्या बुटांवर मार्करनं देवनागरीत "लिंबू" लिहिलेलं. (लि ऱ्हस्व, बू दीर्घ, तेवढं शिकवलेलं वाया गेलं नाही.) मग टीममधल्या एकेका पोरानं अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर प्रत्येकानं आपले बूट पुढे केले. महिन्याभरात सामन्याआधी गोल करून, डोक्याला डोकं लावून, अलाबामाची आणि ओहायोची ती ताडमाड पोरं एका सुरात "लिंबू" अशी आरोळी ठोकू लागली. दादा, तू जन्मभर मैदानावर मराठी ओरडलास, पण तुला इतकी आज्ञाधारक मुलं मिळाली नाहीत.

टीमच्या जाहिरातवाल्या मुलीनं याचं सोनं करायचं ठरवलं. जानेवारीत तिनं 'लेमन नाइट' जाहीर केली. येणाऱ्या प्रत्येकाला एक लिंबू फुकट. आपल्या महाराष्ट्र मंडळाला हे कळताच फुकटाच्या ओढीनं आणि वेदांतच्या प्रेमानं (क्रम असाच) दोन व्हॅन भरून माणसं आली. त्यांत सुलेखाकाकू. काकूंच्या हातात लिंबू दिलं आणि त्यांनी पर्समधून मिरच्या काढल्या. पर्समध्ये सुई, दोरा आणि मिरच्या घेऊन हिंडणारी बाई टेक्ससमध्ये ही एकच असेल. सामन्याआधी सगळे फोटो काढत होते तेव्हा काकू जाऊन आमच्या बास्केटच्या खांबाला लिंबू-मिरची बांधून आल्या, पोराला नजर लागू नये म्हणून. रखवालदाराला वाटलं, जाहिरातीचाच भाग.

पहिल्या अर्ध्या खेळात समोरच्यांचा एक चेंडू आत जाईना. काकू माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवत होत्या. पण काकूंना, आणि खरं सांगायचं तर मलाही, हे ठाऊक नव्हतं की मध्यंतरानंतर बाजू बदलतात. आता ती लिंबू-मिरचीवाली बास्केट आमच्याच मुलांच्या वाट्याला आली, आणि काकूंचा तोडगा अत्यंत निःपक्षपाती निघाला. आमच्या मुलांचे चेंडू कड्याला लागून बाहेर, फळीला लागून बाहेर. लोकांनी वैतागून फुकटची लिंबं मैदानात टाकायला सुरुवात केली. खेळ थांबला. काकू खाली उतरून रखवालदाराला "प्लीज रिमूव्ह माय लिंबू" म्हणत होत्या, आणि मैदानभर शेकडो लिंबं असताना तो बिचारा त्यांना विचारत होता, नक्की कुठलं. त्या सगळ्या अर्ध्या खेळात आत गेले ते एकट्या वेदांतचे चेंडू. एरवी खेळतो तसाच, शीळ घातल्यासारखा. त्याला म्हणे खांबाला काही टांगलंय हे दिसलंच नाही.

माझा मात्र त्या गोंधळातच डोळा लागला, आणि स्वप्न पडलं. सगळं मैदान गवताच्या अढीनं भरलेलं, आणि त्यात ही लांबलांब पोरं आंब्यांसारखी ओळीनं झोपलेली. तू पांढरी अर्धी चड्डी घालून हलक्या पावलांनी फिरतोयस, एकेकाला नाकाशी धरतोयस, देठाशी अंगठा दाबून बघतोयस आणि म्हणतोयस, हा झाला, हा अजून दोन दिवस. वेदांतजवळ आलास, वास घेतलास आणि बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघितलंस. तेवढ्यात माझ्या कपाळावर लिंबू येऊन आपटलं आणि मी जागी झाले.

त्या रात्री प्रेक्षकांत पोर्तुगालचा एक माणूस बसला होता. तिथे समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातला क्लब, पहिल्या वर्गात खेळणारा. त्यानं वेदांतला पुढच्या हंगामासाठी बोलावलंय. खरंखुरं बोलावणं, हरलात तर गावातला भाजीवालासुद्धा जाब विचारतो अशा जातीचं. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. वेदांतनं सगळ्यात आधी फोन केला तो तुला. तू नेहमीचं सांगितलंस, की आंबा अढीत पिकतो, घाई करू नकोस, अजून एक हंगाम राहा.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. अढीत त्याचं भलंच झालं. कॉलेजात तो चेंडू हातात आला की मरणाची घाई करायचा. इथे त्याला वाट बघता यायला लागली. चुकायला जागा मिळाली. चुकीनंतर कोणी आयुष्याचा हिशोब मागितला नाही. थेट मोठ्या लीगमध्ये गेलेली किती पोरं पहिल्याच वर्षी कोमेजतात हे इथे टीव्हीवर रोज दाखवतात. शिवाय स्टेडियम घरापासून जवळ, पोर रात्री घरचा वरणभात जेवतं, दाराशी त्याचे होडीएवढे बूट दिसतात. तेव्हा राहू दे आणखी एक वर्ष, असंच मलाही वाटतं. सत्यजितला तर वाटतंच. पोर्तुगालच्या व्हिसाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटतो.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव. शिट्टी जपून वाजव.

तुझी,
लतिका

ता.क. गिरिजा अजून निघालेली नाही, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. काल वेदांत ओट्यापाशी उभं राहून दूध पीत होता. मी विचारलं, तुला स्वतःला काय हवंय, मामाचं राहू दे. तो म्हणाला, "आई, इथे कोणी count करत नाही. मला इथे छान वाटतं." म्हणाला आणि कप विसळून वर गेला. दादा, लिंबूटिंबूचं पोरपण किती दिवस टिकवायचं असतं? सगळ्यांत आनंदी तेच असतं, म्हणून ते आपण होऊन कधी सांगत नाही की आता माझा आउट धरा. ते कोणीतरी मोठ्यानं एक दिवस म्हणावं लागतं. आणि तूच आम्हाला शिकवलंस की संत्रं अढीत घालून पिकत नाही, नुसतं सुकतं. तेव्हा तुला हात जोडून सांगते, महिना संपायच्या आत त्याला फोन कर, दिलेला सल्ला मागे घे, आणि जा म्हण. माझं ऐकणार नाही तो. मी म्हणायला गेले तरी माझ्या तोंडून निघणारही नाही.

ता.ता.क. माझं नाव घेऊ नकोस. आईला ठाऊक आहे का, असं तो विचारेलच. आईचा सक्त विरोध आहे, असं ठोकून दे. तुझा भाचा आहे. त्याच दिवशी सही करील.

आणखी एक. ते सांगताना तुला खोटं बोलल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही. विरोध आहेच.