माझ्या पाठीवरचं रान आणि आत्याचा हलका हात

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
एप्रिल २०२४

ती. यमुनाआत्यास,

श्रीरंगाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात छातीही जमिनीला टेकवावी लागते. इतकी वर्षं माझ्या छातीत आणि जमिनीत घोंगडीएवढा थर असायचा. हा नमस्कार पहिल्यांदाच थेट पोचतो आहे. त्याचीच हकीकत पुढे आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? अजिंठ्याला विहिरीत पाणी उरलं आहे, की टँकर सुरू झाला? इकडे आईची बोटं सांध्यांत धरतात, बाकी आवाज शाबूत आहे. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाची मला धास्ती होती, पण हिमानी त्यातून चांगली उठली. तिच्या मुलीचं नाव ओवी ठेवलं. फोनच केला असता, पण फोनवर तू "सगळे बरे ना, ठेवते" एवढं एका दमात म्हणतेस आणि खरंच ठेवतेस.

बाळाला बघायला आणि चार दिवस राहायला ये, असा निरोप आम्ही बद्रीनाथबरोबर धाडला होता. भाजीचा टेम्पो घेऊन परत आला तेव्हा त्यानं तुझं उत्तर दारातच सांगितलं. "आत्याबाई म्हन्ल्या, माझ्या हातानं एक पोर अस्वल झालं तेवढं पुरं, दुसऱ्याच्या वाटेला मी जायची नाय. लई ठाम हायत, साहेब." एवढं सांगून त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. ते अस्वल कोण, हे त्याला विचारावं लागलं नसावं.

आत्या, तू यावंस असा आग्रह करायला हे पत्र लिहीत नाही. माणसानं मनाविरुद्ध कुठं जाऊ नये, असं माझं मत आहे. फक्त तो आरोप खोटा आहे, हे लेखी कळवणं मला भाग आहे. आणि ते मला कसं कळलं, हे सांगितल्याशिवाय तू विश्वास ठेवणार नाहीस.

आरोप तुला पाठ आहेच, तरी नीट मांडतो. माझा जन्म झाला तेव्हा आई तापानं अंथरुणात होती, म्हणून मला न्हाऊ घालायचं काम तुझ्याकडे आलं. तेव्हा तुझं लग्नही व्हायचं होतं. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून साय घालून मळलेल्या डाळीच्या पिठाच्या गोळ्यानं त्याला चोळायचं, ही आपल्याकडची रीत. मी रडायला लागलो की तू थांबायचीस. पुढं माझ्या अंगावर जे उगवलं, त्याचं खापर आईनं तुझ्या हलक्या हातावर फोडलं. मुंजीत मी उघडा बसलो तेव्हा हे निघालं. लग्नात हळद लावताना निघालं (हळद कातडीपर्यंत पोचेना, तेव्हा करवल्यांनी वाटीभर जास्त मागवली). दरवेळी सगळे हसायचे आणि तूही हसायचीस. ते हसू नव्हतं, हे मला बद्रीनाथच्या निरोपानंतर समजलं.

आता माझं. गेल्या उन्हाळ्यात पाठीवर केसतुडी उठायला लागली. एक बसलं की शेजारी दुसरं. शहर चहूबाजूंनी वाढतंय, पडेगावच्या पुढंही इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तर आलं, अशी गत आहे. तेव्हा या हंगामात रोज दोनदा अंघोळ कर हा सल्ला ऐकून मी नुसता हसलो. (मी पाटबंधारे खात्यात आहे, त्यामुळे गल्लीत सगळे मलाच धरणाची पातळी विचारतात. जणू मी धरण घरी घेऊन येतो.) शेवटी त्वचेच्या डॉक्टर खुशनुमा म्हणाल्या की मुळाशी केसच आहेत, ते लेसरनं काढा. काळा केस तो प्रकाश शोषून घेतो, मूळ भाजतं, आणि बऱ्याच बैठकांनंतर केस विरळ होतात.

हे आजारासाठी की दिसण्यासाठी, असा प्रश्न मी स्वतःला फार दिवस विचारला. केसतुडी फक्त पाठीवर होती, तरी मी "छातीचंही करता का?" असं विचारलं होतं. यावरून काय ते तू ओळख. डॉक्टरांनी कारण न विचारता छातीही लिहून घेतली. त्या न विचारण्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती जागा वस्तऱ्यानं साफ करून यायची असते. पाठीला माझा हात पोचत नाही. माझ्या सौ.नं, म्हणजे तुझ्या सूनबाईंनी, वस्तरा हातात घेतला, पाठीकडे पाहिलं आणि खाली ठेवला. मग मी कोपऱ्यावरच्या कडुबाकडे गेलो. त्यानं माझा शर्ट मागून वर करून पाहिला.

"साहेब, हे दाढीचं काम नाय. हे शेत हाय."

"करशील का पण?"

"करतो ना. पर पानी तुमचं आना. माझ्या क्यानमंदी चार गिऱ्हाइकांपुरतं हाय, ते तुमच्या एका खांद्याला जाईल."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरून भरलेली बादली घेऊन निघालो. भर मे महिन्यात भरलेली बादली घेऊन पुंडलिकनगरातून चालणं म्हणजे काय, याचा विचार मी केला नव्हता. समोरच्या आप्पारावांनी मला गॅलरीतून पाहिलं. पाटबंधारेवाला माणूस भरली बादली घेऊन चालला आहे, म्हणजे कोपऱ्यावर टँकर आला आहे आणि हा आधीच भरून बसला आहे, असा हिशोब त्यांनी केला आणि घरात हाक दिली. मी कडुबाच्या खुर्चीत उघडा बसून पाठीला फेस लावून घेत होतो, तेव्हा बाहेर हंडे आपटल्याचा आवाज आला. आरशात पाहिलं तर दुकानासमोर घागरी, कॅन, एक टब आणि सगळ्यांच्या पुढं आप्पाराव.

"टँकर कुठंय?"

"टँकर नाही, आप्पाराव."

"मग बादली कशाची?"

मला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. बोलता आलं असतं तर त्या दिवशी फार सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "पाठीची हजामत आहे." रांगेत मागं असलेल्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून कडुबानं वस्तरा वर करून ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. कोणी रागावलं नाही. टबवाल्या काकू म्हणाल्या, "अस्सं होय. मग उरलं तर द्या." उरलं नाही. पण संध्याकाळी आप्पारावांनी आमच्याकडे दोन कॅन पाणी पाठवलं आणि निरोप दिला, "पुढच्या खेपेला आधी सांगा, लोकं पळतात." गल्ली मोठी होते आहे, पण अजून गल्ली आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

लेसरची खोली थंडगार असते. (तेवढ्यासाठीसुद्धा जावं.) डोळ्यांना काळा चष्मा लावतात, अंगाला गार जेल फासतात आणि पालथं झोपवतात. यंत्र चालवणारा जुनेद नावाचा तरुण फार बोलका. "कुछ नै होता सर, रबर मारे सरीका लगता. नक्को डरो." रबर मारलं की एकदा लागतं, इथं तो मारतच जातो, आणि रबर गरम असतं. होळीत हात फार पुढं घालून नारळ काढताना येतो तसा वास सुटला. तो वास माझाच आहे, हे कळायला थोडा वेळ लागला. जुनेद मध्येच मला क्रिकेटचं सांगत होता, मध्येच "अब्बा को भी लाया था सर, वो तो बीच में उठ के चले गए" असं. खांद्याच्या हाडावर आला तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. मोठा नाही, पण निघाला.

तो लगेच थांबला. हात उचलला, त्या जागी बर्फाची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "रुकू क्या सर? आराम से करेंगे."

आत्या, मी पालथा पडलो होतो, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगभर जेल, वय पंचेचाळीस. आणि एकदम मनात आलं की मी ओरडलो म्हणून थांबलेलं हे माझ्या आयुष्यातलं दुसरं माणूस. पहिलं तू. शाळेत मास्तर थांबले नाहीत, दाताचे डॉक्टर थांबले नाहीत, ऑफिसातले साहेब तर अजून थांबलेले नाहीत. त्या आठवणीला मी साक्षीदार नाही, फक्त ऐकलेलं. तरी चष्म्याखाली डोळे ओले झाले. जुनेदला वाटलं फार दुखतंय. त्यानं यंत्राचा जोर कमी केला, आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

आता निकाल. पाठ आणि छाती मोकळी झाली आहे, केसतुडं या उन्हाळ्यात एकही नाही. फक्त एक गोष्ट कोणी आधी नीट ठसवली नव्हती. ते यंत्र काळे केस ओळखतं, पांढरे त्याला दिसत नाहीत. त्यामुळे काळे सगळे गेले आणि मधूनमधून पांढरे उरले. तरुण दिसायला गेलो असेन (गेलो होतो, वर कबूल केलं आहे), तर छातीनं वय वाढवून आणलं. सूनबाई म्हणाल्या, "वेचणी झालेल्या रानात मागं राहिलेला कापूस दिसतो." त्या जालन्याच्या, त्यांना कापसातलं कळतं.

पण हे पत्र ज्यासाठी, ते शेवटच्या बैठकीला घडलं. मी डॉक्टरांना तुझी सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, लहानपणी नीट चोळलं असतं तर हे टळलं असतं का? त्या आधी हसल्या, मग नीट बसून म्हणाल्या, "नाही. बाळाची लव आपोआप गळते. मोठेपणचे केस रक्तातून येतात, आईकडून, वडिलांकडून. चोळल्यानं बाळाची कातडी लाल होते, बाकी काही नाही."

बाबांच्या अंगावर केस नव्हते, हे तू जाणतेस. म्हणून घरी येऊन मी आईला फक्त एवढंच विचारलं, की आपले अप्पासाहेबमामा विहिरीवर अंघोळीला उतरायचे तेव्हा पोरं काय म्हणायची. आई गहू निवडत होती. तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "त्याला तरी कोणी नीट चोळलं होतं?" यापुढं मी वाद वाढवला नाही. पण तिनं त्या दिवशी निवडलेले गहू पुन्हा निवडले.

तर आत्या, तू निर्दोष आहेस. अस्वल मामाकडून आलं. तुझ्याकडून आलं ते एवढंच, की मी रडलो तेव्हा कोणीतरी थांबलं. डॉक्टर, जुनेद, कडुबा, आप्पाराव, सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे, पण तुझं पहिलं.

तुझा,
श्रीरंग

ता. क. आग्रह करत नाही असं वर लिहिलं, ते लिहिताना खरं होतं. तेव्हा ओवीची आजची अंघोळ सुरू झाली नव्हती. पोरीच्या पाठीवर, खांद्यांवर, कानांवर माझ्यासारखीच लव आहे. आईनं न्हाऊ घालायला बाई लावली आहे. ती कढई घासावी तसं चोळते. आई पाटावर बसून "अजून, अजून" म्हणते, ओवी रडून निळी होते आणि दाराबाहेर हिमानी रडते. डॉक्टरांचं मत सांगितलं, तर आई म्हणते, त्यांना स्वतःला नीट चोळलेलं दिसतंय, त्यांना काय कळणार. हिमानी म्हणते, न्हाऊ घालावं तर यमुनाआत्यानंच. तू ये. बद्रीनाथ परवा टेम्पो घेऊन येईल, तुझ्यासाठी पुढची जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे.

आणखी एक. डॉ. खुशनुमांच्या घरीही नुकतंच बाळ आलं आहे, त्यांच्या भावाचं. मी निघताना त्यांनी मागं बोलावून हळूच विचारलं, की तुमच्या आत्या पिठात नक्की काय काय घालायच्या. "फरक काही पडत नाही," त्या म्हणाल्या, "पण आमच्या अम्मी ऐकत नाहीत." येताना सांग.

आणखी एक. हे पत्र आईला वाचून दाखवलं. मामाचा मजकूर खोड म्हणाली, मी खोडला नाही. मग तिनं पेन मागून घेतलं. पुढचं अक्षर तिचं आहे, बोटं दुखतात म्हणून वाकडं आलं आहे:

वन्सं, अप्पासाहेबाचं काही खरं धरू नका, त्याला थंडी फार वाजायची. बाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. श्रीरंगाला तुम्ही चोळलंच नाहीत, हे मी आजही म्हणते. ओवीला तस्संच करा. लवकर या.