रीनाच्या मागण्याला आमेन

९ नोव्हेंबर
"प्रभू येशू, ख्रिसमसले माह्या आईले घरी आनजो. आमेन."
रीना आठ वर्षांची आहे आणि सध्या तिचं मागणं एवढंच! मीही आमेन म्हटलं.

उज्वला इथं होती तेव्हा सांजेची प्रार्थना तिच्याकडे. मी दाराला टेकून उभा, अर्धं लक्ष क्रिकेटच्या स्कोअरकडे. आता ती मस्कतच्या दवाखान्यात नर्स, आणि सिंदी मेघ्यात कूलर-गिझर दुरुस्त करणारा हा गडी घरचा पाळक! जाताना बजावून गेली – "पोरीची प्रार्थना चुकवू नका. जेवन चुकलं तरी चालन."

१४ नोव्हेंबर
बायबल वाचत होतो. रीना मध्येच म्हणाली, "आई असं भरभर नाई वाचत. तुमी गिऱ्हाइकाले बिल सांगून राह्यले का?"
पुन्हा वाचलं. सावकाश.

२० नोव्हेंबर
उज्वलाचा फोन. तिची सुट्टी नामंजूर झाली. आता मार्चनंतर पाहू म्हणाले. मी दोनदा विचारलं, "म्हणजे ख्रिसमसला नाहीच?" नाहीच. शेवटी म्हणाली, "रीनाले तुमीच सांगा. माह्यानं नाई होनार."
माझ्यानं होणार आहे होय!

रीना आत टीव्ही पाहत होती. सांजेला हात जोडले आणि पुन्हा तेच – ख्रिसमसले आईले घरी आनजो. मला उत्तर ठाऊक, आणि पोरगी डोळे घट्ट मिटून मागतेय. आमेन म्हणायला मला उशीर झाला. तिनं एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं.

२१ नोव्हेंबर
नाही सांगितलं.

२६ नोव्हेंबर
आंजी गावची गोपिकाबाई भाजी विकायला आली. "बाई कवा येते जी?" रीना शेजारीच उभी. मी म्हटलं, येईल, येईल. प्रार्थनेत खोटं, दारातही खोटं! बाईनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी वरून टाकली – "आली का वड्या करा म्हना."
उज्वलाच्या हातची सांबारवडी आठवली. दुपारभर कामात मन लागलं नाही. एका गिझरची वायर उलटी जोडली.

२ डिसेंबर
माळ्यावरून ख्रिसमसची चांदणी काढली. दरवर्षी मी गच्चीवर चढून ती टांगतो आणि उज्वला खालून ओरडते, "डावीकडं, अजून डावीकडं!" आज रीना ओरडली. अगदी तोच आवाज. मी वरच बसून राहिलो थोडा वेळ. फार आठवण येते. दुसरं काय लिहू?

६ डिसेंबर
करंज्यांचा साचा सापडेना. विचारायला उज्वलाला फोन केला. साच्याचं विचारायचं राहूनच गेलं.

९ डिसेंबर
रीना रडली तर जवळ घेईन, समजावीन. पण पंचवीस तारखेला मला म्हणाली, "पप्पा, तो आयकतच नाई" – तर? आणि पुन्हा कधी हातच जोडले नाहीत तर? उज्वलानं एकच गोष्ट माझ्यावर सोपवली होती. तीही मी मोडून ठेवणार. आणि खरं सांगायचं तर या पोरीच्या आवाजात ते मागणं ऐकल्याशिवाय आता मलाही झोप येत नाही. खोटं का होईना, तेवढा वेळ उज्वला येणार असते.
उद्या सांगायचंच.

१० डिसेंबर
प्रार्थनेला बसलो आणि आधीच सांगून टाकलं – आई नाही येत ख्रिसमसला, सुट्टी नाही मिळाली.
"मले माहीत हाय. तुमी फोनवर बोलले तवाच आयकलं."
"मग रोज काऊन मागत होतीस?"
"तुमी आमेन म्हनत होते ना. मले वाटलं, तुमाले अजून आस हाय."
पोरीनं माझे दोन्ही हात धरले आणि एकमेकांवर जोडले.
"आज तुमी मागा, पप्पा. आमेन मी म्हनीन."
मागितलं.