बाभळीतून जाणारी वाट

माय, आजही बैठकीहून डोकं धरूनच आले. गावाबाहेरच्या बागेतून निघून माळावरनं ओढ्याच्या कडेनं पुढच्या खेड्यांपर्यंत जाईल अशी एक वाट आखायची आहे. तिच्यावरून पायी फिरणाऱ्यांनी फिरावं, कॉलेजच्या पोरांनी सायकली न्याव्यात, गुराख्यांनी गुरं न्यावीत. कल्पना चांगलीच आहे. समितीत एक तरी बाई हवी म्हणून मुलींच्या शाळेतून मला घेतलं. आणि इतके महिने आम्ही काय ठरवतोय? सायकलींच्या वाटेत शेण पडलं तर ते उचलायचं कुणी, बाकडी हिरवी रंगवायची की तांबडी. अध्यक्ष वकील आहेत, एकच वाक्य दोन तऱ्हांनी बोलल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. एक निवृत्त तहसीलदार आहेत. त्यांना पहाटेची ताजी हवा हवी, आणि वाट सगळ्यात दाट झाडीतून, म्हणजे बाभळींतूनच, गेली पाहिजे. तरुण इंजिनियर नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढतो, खोडतो, पुन्हा तिथंच ओढतो.

त्या बाभळींत पहाटे कोण असतं ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. माळाला लागून एक वस्ती आहे, दुष्काळात खेड्यांतून आलेली आणि मग इथंच राहिलेली. तिथं एकही संडास नाही. ही वाट कुणाकुणाच्या कामाची, यावर एक अख्खी दुपार गेली. गुरांचं नाव निघालं, शाळेच्या सहलींचं निघालं, बायांचं निघालं नाही. मीही काढलं नाही. घरी येऊन चहा गार होईपर्यंत त्या माणसांना मनातल्या मनात बोल लावत बसायची, पण माझं तोंड कुणी धरलं होतं, हे स्वतःला विचारायचं टाळायची.

धरलं होतं ते तू, असं वाटतं कधी कधी. पिंगळीला, आपल्या गावी, आपण अंधार असतानाच निघायचो. रुळांच्या पलीकडे बाभळी होत्या, त्यांतही आपल्या बायांची बाजू वेगळी, ओहोळाकडची, जिथं काटे जास्त. मी सात-आठ वर्षांची असेन. पहाटेची गाडी येते, डब्यांच्या खिडक्यांतला उजेड झाडांवरून सरकत जातो, आणि तुम्ही सगळ्या एकदम उठून उभ्या राहता, पदर पुढं ओढून, गाडीकडं पाठ करून. गाडी गेली की खाली. मग कुणी गडी रुळावरनं चालत येतो, पुन्हा उभ्या. परतताना मी मोठ्यानं विचारलं, गड्यांना का उठावं लागत नाही? तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की दोन दिवस हिरवा डाग होता. "तोंड मिटून चाल," एवढंच म्हणालीस. पण मी औरंगाबादला होस्टेलला निघाले, तेव्हा जेवणाचं विचारलं नाहीस, अभ्यासाचं विचारलं नाहीस. बोचकं माझ्या हातात देताना हळूच विचारलंस, "तिथं आडोसा हाय का?"

परवा शाळा सुटल्यावर वस्तीतली एक बाई फाटकाशी उभी होती. तिची पोरगी माझ्या वर्गात आहे. म्हणाली, "तुमी कमिटीत बसायलाव म्हणं, बाई. मंग आमच्या बसायचं बी बघा की." आणि स्वतःच पदराआड हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "रस्ता लय चांगला व्हईल. पर आमी कुठं जावं?"

आज तहसीलदार पुन्हा पहाटेच्या हवेवर आले, आणि मी उभी राहिले. मी म्हणाले, "त्या वेळी तिथं बाया बसलेल्या असतात. माणूस आला की त्यांना उठावं लागतं. आधी तुम्ही फिरणारे, मग सायकली, मग गुराखी. एका पहाटे त्यांनी किती वेळा उठायचं, तेवढं मला सांगा."

तहसीलदार काठीची मूठ न्याहाळू लागले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे कार्यवृत्तात कसं लिहावं?" मी म्हटलं, जसं बोलले तसं. ते म्हणाले, कागद वर जातो, चार लोक वाचतात. मग तहसीलदारांनीच वाट काढली. माळावर आधीच झाडं कमी, बाभळी तोडणं बरं नव्हे. काय सांगू माय, त्या खोलीत सगळ्यांना एकाएकी बाभळीचा उमाळा आला. तिची सावली, तिचा डिंक, तिच्या शेंगा शेळ्यांना किती चांगल्या. घरात काटा आला तर बायकोवर ओरडणारी ही माणसं! झाडं वाचवण्यासाठी वाट ओढ्यापलीकडं गेली, एकमतानं. मी संडासाचं काढलं, तर तो आजचा विषय नव्हे, म्हणून अध्यक्षांनी नकाशा गुंडाळला.

आता तेच डोक्यात घोळतंय. झाडं राखायला पैसा लागत नाही, म्हणून तर इतक्या पटकन मानलं. मी नेमकं काय मिळवून दिलं त्या बाईला? अजून कितीतरी वर्षं त्याच काट्यांत, अंधारात उठून जायची सोय. वाट तिथूनच गेली असती, फिरणाऱ्यांचीच पंचाईत झाली असती, तर कदाचित संडास लवकर बांधले गेले असते. पण तोवर रोज पहाटे उभं राहायचं ते तिनं, मी नव्हे. उद्या ती फाटकाशी उभी असेल, तिला काय सांगू ते ठरत नाही. हे तुझ्यापाशीच बोलावंसं वाटलं. पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील.

एक मात्र सांगते. घरी आल्यावर यांनी विचारलं, काय ठरलं आज? मी चपला काढता काढता म्हणाले, बाभळी वाचल्या.