हात लावू नका

यवतमाळ,
९ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मी इथे बरी आहे. आईचा खोकला थांबला का? पराटीच्या कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली असेल. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण मी 'बाबा' म्हटलं की तुम्ही 'आईले देतो' म्हणून मोकळे होता. म्हणून पत्र.

शेजारच्या पिंटूनं तुम्हाला व्हिडिओ दाखवला. खांद्यावर लोखंडी बार घेऊन खाली बसते आणि उठते, ती मीच. तुम्ही काय म्हणालात तेही आईनं सांगितलं. "पोरीची जात हाये. पयलवान व्हाचं हाये का तिले? माह्या कंबरेचं काय झालं, पाह्यलं नाही का? वजनानंच गेली."

आता माझं ऐका. कॉलेजच्या जिममध्ये जाऊ लागले त्याला चार महिने झाले, मी एकदाही थंड अंगानं वजन उचललेलं नाही. आधी दहा मिनिटं अंग गरम करते, मग रिकामा बार. पहिला महिनाभर, जिममध्ये शिकवणाऱ्या ममता मॅडमनी तेवढाच उचलू दिला. बारा वेळा नीट जमलं तरच अडीच किलो वाढ. पाठ सरळ, जोर मांड्यांचा, उठताना श्वास सोडायचा. दिवसाआड सुट्टी, कारण अंग तयार होतं ते विसाव्यात. सगळं वहीत लिहिते. खताच्या पोत्यावरच्या अक्षरांवर माझं बोट ठेवून तुम्ही वाचायला शिकवलंत, "गुडघ्यातून ऊठ, कमरेतून नको" हेही तुम्हीच. मॅडमनी ते सांगितलं तेव्हा मला हसूच आलं.

आणि आई चाळीस किलो कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून येते, तेव्हा पोरीची जात कोणालाच आठवत नाही.

तेवीस तारखेला कॉलेजांची वजन उचलण्याची स्पर्धा आहे. मुलींच्या फॉर्मवर पालकांच्या संमतीची ओळ आहे, मुलांच्या फॉर्मवर ती ओळच नाही. मी विचारलं. ऑफिसातले बाबू म्हणाले, "पद्धत हाये." मी वीस वर्षांची आहे. दोन दिवस फॉर्म तसाच ठेवला, पण तुमची खोटी सही केली नाही. त्या ओळीवर माझंच नाव लिहिलं. फॉर्म त्यांनी ठेवून घेतला, पण घरून नाही म्हणून फोन आला तर नाव काढतील. पिंटूजवळ ऑफिसचा नंबर आहे, आणि तुम्ही तो मागितलाय, हे मला माहीत आहे.

बार उचलताना माझी मैत्रीण जिया मागे उभी असते. मी 'हात लाव' म्हणेपर्यंत ती बारला हात लावत नाही. स्पर्धेत मागच्यानं आधीच लावला तर ते उचलणं धरतच नाहीत.

'हात लाव' हे शब्द जिममध्ये पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी बार ठेवून बाहेर जाऊन बसले होते. कारण दोन वर्षांपूर्वी वावरात तुम्ही म्हणाला होतात, "निक्के, हात लाव." मी लावला. आणि गाठोडं माझ्या बोटांतून सुटलं. सगळा भार तुमच्या कमरेवर आला. आईला, डॉक्टरांना, सगळ्यांना तुम्ही सांगितलं, पाय घसरला. मीही मान हलवली.

बाबा, तुमची कंबर वजनानं नाही गेली. माझ्या कच्च्या हातानं गेली. हे आईला मी स्वतः सांगणार आहे. तुम्ही मला वाचवलंत, पण त्या खोट्याच्या आधारानं आता मला थांबवू नका.

माफी मागते ती त्या दिवसाची. व्हिडिओची नाही.

ऑफिसला फोन करू नका. हात लावू नका. माझ्याच्यानं झालं नाही तर मीच ओरडेन, "बाबा, लावा." तुम्ही धावत याल, यात मला शंका नाही. पण तोवर नाही.

संक्रांतीला येते. वावरात शेवटची वेचणी उरली असेल तर गाठोड्याचं दुसरं टोक माझं.

आता न सोडणारी,
तुमची निक्की