शिवणकाकूंचं पाणी

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! खोली हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर मिळाली आहे. एक खाट, एक टेबल आणि दार नीट न लागणारं कपाट. खिडकीसमोर धुलाईखान्याची गच्ची आहे, तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळत असतात. दादाला फोन करून सांगितलं की राजवाडाच मिळालाय, फक्त राजा, राणी आणि दास-दासी नाहीत. तो हसला, पण तेवढ्यात वहिनीने हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

अतिदक्षता विभाग लहान पण लख्ख आहे. मोठे सर फार कमी बोलतात. थोरल्या सिस्टर त्यांच्याही वाटणीचं बोलतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं की इथे यंत्रांना मान द्यायचा, पण भरवसा आपल्या अंगठ्यावर ठेवायचा. रुग्णाच्या नडगीवर अंगठा दाबायचा आणि उचलायचा. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साचलंय म्हणून समजायचं. मी म्हटलं, एवढं डॉक्टर होऊन शेवटी अंगठेबहाद्दरच झाले की! त्या खो खो हसल्या. इथे माझं जमणार असं वाटतंय.

५ तारीख, बुधवार

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजीबाई माझ्याकडे सोपवल्या आहेत. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, म्हणून सगळे त्यांना शिवणकाकू म्हणतात. लघवीतला संसर्ग रक्तात पसरलाय. अशा वेळी रक्तवाहिन्या सैल पडून झिरपायला लागतात आणि रक्तदाब कोसळतो. सलाईन कमी पडलं तर मूत्रपिंडं बंद पडतात, जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी भरून माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. शरीर तहानलंय की तुंबलंय, हे ओळखणं एवढंच माझं काम, आणि त्यातच दिवस सरतो.

काकूंच्या घशात नळी आहे, त्या गुंगीत आहेत. भेटायला कोणी येत नाही. उजवा अंगठा कात्री धरून धरून चपटा झालाय, त्यावर मधोमध जुनी आडवी चीर आहे. कामापलीकडे माझ्याशीही इथे कोणी बोलत नाही, मग मी काकूंशीच बोलते. आज त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, घाबरू नका काकू, निम्मं दुखणं मला द्या. मला ताप आला की आई असंच म्हणायची. त्यांनी माझा हात दाबला असं वाटलं. गुंगीत असं होतं, पण मला फार बरं वाटलं. इथे आल्यापासून मला कोणी हात लावला तो पहिल्यांदाच.

८ तारीख, शनिवार

काकूंचं गणित सुटत नाहीये. सलाईन चालू आहे, रक्तदाबही सावरलाय, पण लघवी नावापुरती. मग पाणी जातंय कुठे? नडगीवर खळगा पडत नाही. सोनोग्राफीत फुप्फुसं स्वच्छ दिसतात. खाटेलाच वजनकाटा जोडलेला आहे, त्यावर वजनही वाढलेलं नाही. मोठे सर म्हणाले की काटा बिघडलाय. थोरल्या सिस्टर म्हणाल्या की बाई बरी होतेय तर नजर कशाला लावतेस.

माझ्या चपला घट्ट व्हायला लागल्यात. बोटातली आईची अंगठी निघत नाही. कॅन्टीनवाल्याचा हात मिठाच्या बाबतीत फारच सढळ आहे, उद्या त्याला सांगायला हवं.

१० तारीख, सोमवार

सकाळी उठले तर नडगीवर खळगा. मी दाबलेला नव्हता. चपटा, आणि मधोमध आडवी चीर.

खरं सांगायचं तर आधी भीती वाटलीच नाही. कोणीतरी येऊन माझी विचारपूस करून गेलं, असं काहीतरी वाटलं. मग दाराकडे लक्ष गेलं. आतून कडी होती.

११ तारीख, मंगळवार

आज काकूंचे पाय उचलून तपासणी केली. पाय वर धरले की पायांतलं रक्त छातीकडे धावतं. त्याने रक्तदाब वाढला तर शरीराला अजून पाणी हवंय असं समजतात. काकूंचे पाय उचलले. पडद्यावरचा आकडा हलला नाही. लोंढा आला तो माझ्या छातीत. मानेच्या शिरा तटतटल्या. पाय खाली ठेवले, ओसरला. पुन्हा उचलले — पुन्हा तेच.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर सोनोग्राफीचं यंत्र स्वतःच्याच बरगड्यांवर टेकवलं. पाणी. दोन्ही बाजूंना.

१२ तारीख, बुधवार

काकूंचं सलाईन थांबवलं. बघता बघता त्यांचा रक्तदाब उतरला, ओठ काळेनिळे पडले. आणि मला श्वास आला. पोटापर्यंत, मोकळा. मी नुसती उभी राहिले. मग चालू केलं. माझ्या डोळ्यांदेखत कसं मरू देऊ?

थोरल्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की एकटी राहून राहून तुझं डोकं फिरलंय, चार दिवस रजा घे. मी म्हटलं, नुसता माझा पाय दाबून बघा. त्या वाकल्याही होत्या. तेवढ्यात त्यांना कोणीतरी बोलावलं.

१४ तारीख, शुक्रवार

रजेवर. आडवं होता येत नाही, उशीला टेकून बसते. सिस्टरचा फोन — काकू झपाट्याने सुधारतायत, सरांनी सलाईन वाढवलंय. बंद करा म्हटलं. त्यांना थट्टा वाटली.

दादाचा फोन आला. म्हणाला, आवाज बसलाय, सर्दी झालेली दिसते, भरपूर पाणी पी. मला हसू आलं, हसताना खोकला, रुमालावर फेस. सांगणारच होते — दादा, ये रे मला घ्यायला — पण वहिनीने हाक मारली.

१६ तारीख, रविवार

जिना उतरवत नाही. बोटं इतकी सुजलीत — पेन निसटतं —

सिस्टरचा फोन. काकूंची नळी काढली. शुद्धीवर आल्या. पहिलाच प्रश्न, ती मुलगी कुठे राहते. सिस्टरना केवढं कौतुक. सांगून टाकलं म्हणे — वरच्या मजल्यावर.

नडगीवर आता खूप खळगे आहेत.

१७ तारीख, दुपार

चादरी वाळतायत. ऊन आहे. जिन्यावर पावलं. सावकाश, एकेक. खाटेवरून उतरणंही काकूंना अजून शक्य नाही —

कडी लावलीय. पुन्हा पाहिलं. लावलीय.

खाटेच्या कडेला बसल्यात. गाल भरलेत, छान रंग आलाय. माझा पाय मांडीवर घेतलाय. दाबतात. थांबतात. पुन्हा दाबतात —

म्हणाल्या, घाबरू नकोस पोरी, अजून पुष्कळ मावेल.

डावा हात धरलाय त्यांनी. सोडवून घ्यायला हवा. ओरडले तर खाली ऐकू जाईल. ऊबदार आहे हात. ओरडायला हवं, आत्ताच — पण किती दिवसांनी कोणीतरी माझा