मारवा बेसूर कसा होईल?

पनवेल,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दमू,
स. न. वि. वि.

दोन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या दादालाही तू नंतर बोलते एवढंच सांगितलंस. भांडायचं असेल तर सरळ भांड, कॉलेजात भांडायचीस तशी. मी तुझी वहिनी नंतर झाले, मैत्रीण आधी होते.

कारण मला कळतं. जानेवारीत तू नाव न कळवता एका मुलीचं गाणं पाठवलंस आणि मी माझं मत लिहून धाडलं. नियम तूच केलास : एकीने आवडलेलं गाणं पाठवायचं, दुसरीने लेखी मत द्यायचं आणि खोटं कौतुक करायचं नाही. पोस्टाने कॅसेटी जायच्या तेव्हापासून आपण तो पाळतो. माझ्या आवडीचं निम्मं गाणं मला तुझ्यामुळे मिळालं. म्हणून मी खरं तेच लिहिलं, की ही मुलगी वरच्या सप्तकात बेसूर आहे, तिने वर्षभर खर्जाबाहेर पडू नये. यात रुसण्यासारखं काय आहे?

आणि मी तरी किती सहन करायचं? हल्ली जो तो मला गाणी सुचवतो. समोरच्या हेतलने मोठ्या प्रेमाने बासरी पाठवली, ती पत्र्यावर खिळा ओढावा तशी केकाटत होती. तुझ्या भाच्याने, आमच्या निनादने, पुण्याहून कुणाचं तरी व्हायोलिन पाठवलं, ते त्याहून वाईट. शेवटी वैतागून तुझ्या गुरुजींचा मारवा लावला, तू मला सगळ्यात पहिल्यांदा पाठवलेला. तोही बेसूर! कॅसेटवरून फोनवर उतरवताना निनादने बिघडवला असणार. त्याला तसं सुनावलं तर हसला.

बाकी ठीक. संक्रांतीच्या आधी खारघरला जाऊन दोन्ही कानांना यंत्रं लावून घेतली. आता तुझ्या दादाचं पुटपुटणंही मला ऐकू येतं, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली आहे.

लोभ असेलच. तो फोनवर दाखवलास तरी चालेल.

तुझी,
अरू


सांगली,
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अरुंधतीवहिनींस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं.

ती मुलगी म्हणजे चारुता, माझी नात. नाव कळवलं असतं तर आपण हात राखून लिहिलं असतं, म्हणून कळवलं नाही. खरं मत तिलाच हवं होतं. आपलं पाकीटही तिनेच फोडलं. त्या दिवसापासून तिचा तंबोरा गवसणीतून बाहेर निघालेला नाही. मार्चअखेर तिच्या गुरूंच्या सभेत ती पहिल्यांदा गाणार होती. गाणार नाही असं तिने परस्पर सांगून टाकलं. मी म्हटलं, अगं, एका माणसाचं मत ते काय? तर मला म्हणाली, आजी, अरुआजीचा कान म्हणजे शेवटचा शब्द, असं लहानपणापासून तूच सांगत आलीस.

मी ते गाणं पुन्हा ऐकलं. तिच्या गुरूंनाही विचारलं. त्यात कच्चेपणा आहे, घाई आहे, पण ते बेसूर नाही. नातीच्या मायेने लिहीत नाही, नियम मलाही आहे.

आणि आपण लिहिता की मारवाही बेसूर. अरू, तो मारवा ऐकून तू मला चार पानं लिहिली होतीस. ती अजून माझ्या कपाटात आहेत. गुरुजींना जाऊन वर्षं लोटली, ते आता बेसूर कसे होतील? बासरी, व्हायोलिन, चारुता, मारवा, सगळी एकाच महिन्यात बिघडली? यंत्रं कधी लावलीस ते तूच लिहिलं आहेस. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंस ना? मग एकेक गोष्ट बदलून बघ आणि काय होतं ते कळव.

दादाच्या गुडघ्याला तेल लावत जा. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

आपली नणंद,
दमयंती


पनवेल,
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय दमू,
स. न. वि. वि.

पुन्हा मला वहिनी लिहिलंस तर पाकीट न फोडता परत पाठवीन.

केलं बघून. यंत्रं लावून मारवा ऐकला, बेसूर. काढून ऐकला, तर खालचं सगळं सुरात, आणि गुरुजी वर गेले की नाहीसेच होतात. म्हणजे बिघाड यंत्रातही आहे आणि माझ्यातही. खारघरला जाऊन त्या यंत्रवाल्या मुलीला झाडलं. ती शांतपणे म्हणाली, मॅडम, ही बोलणं ऐकण्यासाठी असतात, गाण्याचं तुम्ही विचारलंच नव्हतं. तिने गाण्यासाठी काही वेगळी जुळणी करून दिली. केकाटणं कमी झालं, पण सूर जागेवर आले नाहीत. तुझे दादा म्हणाले, जाऊ दे, माणसांचं बोलणं तर कळतंय ना. दमू, माणसांचं बोलणं ऐकायची मला कधी एवढी हौस होती? दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वर भेटेल तो खोकल्याचं औषध सांगावं तसं नवं गाणं सांगून जातो.

आता एक ऐक आणि हसू नकोस. खालच्या मजल्यावर समीक्षा राहते. तिचं माहेर आमच्या मागच्याच गावात, तिथे तिच्या भावाची हळद होती. गेल्या वर्षी त्यांच्या हळदीच्या बँडविरुद्ध सोसायटीने अर्ज केला, त्यावर पहिली सही माझी. तरी मायलेकी आमंत्रणाला आल्या. कानाचं रडगाणं ऐकून तिची आई म्हणाली, बाई, तुमी ती मशीन घरी ठेवा नि या. आमच्या बँडचा आवाज नाय आला तं पुढच्या अर्जावर मीच सही करीन.

गेले. यंत्रं पर्समध्ये टाकली आणि मांडवाच्या खांबाशी उभी राहिले. क्लॅरिनेटवाल्याची बोटं दिसत होती, सूर नव्हता. पण बँडमध्ये ते अंगाखांद्यावर पेलायचं मोठं पितळी वाद्य असतं ना, त्याचा प्रत्येक सूर जिथल्या तिथे. पायाखालून वर येणारा, पुरा, गोल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मध्येच नाहीसं न होता सुरात ऐकलं. मी तिथून हललेच नाही. समीक्षा येऊन विचारून गेली, काकू, अर्ज आणलाय का संगती?

मला ते आवडलं याचा मला फार राग येतो आहे. पण नियम म्हणजे नियम, म्हणून सुचवते. निनादकडून रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं आहे. लेखी मत कळव.

आता चारुताचं. मी माझं मत मागे घेते. त्याच्या जागी गोड मत लिहिणार नाही. तिचं वरचं गाणं मी ऐकलेलंच नाही आणि बहुधा आता ऐकू शकणारही नाही. ज्याने ऐकलं नाही त्याने मत देऊ नये, आणि मी ते दिलं. हे तिचं तिला वाचू दे. मला खर्ज अजून ऐकू येतो. तिला यावंसं वाटलं तर यावं. नाही आली तर तिचं काही चुकलं असं म्हणणार नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते बँड ऐकून ठरव.

तुझी,
अरू


पनवेल,
९ मार्च २०२५

प्रिय दमू,
स. न. वि. वि.

बँडबद्दलचं तुझं मत वाचलं. डोकं उठलं असं लिहिलंस, ते खरं लिहिलंस म्हणून बरं वाटलं.

चारुता उद्या निघते आहे, हे पत्र तिच्याच हाती देते. आली त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही. मी मागेल ते वाढत राहिले. काल सकाळी तिने आपणहून माझा तंबोरा काढला, जुळवला आणि खाली, अगदी खाली षड्ज लावून बसली. मी यंत्रं काढून समोर बसले, हात भोपळ्यावर ठेवला. दमू, मला ऐकू आलं.

मग ती वर गेली. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. थांबून तिने विचारलं, बरोबर लागला का? मी म्हटलं, ते तुला ठाऊक, मला विचारू नकोस. आधी रागावली. मग डोळे मिटून तीच जागा पुन्हा घेतली आणि या वेळी मला विचारलं नाही. संध्याकाळी गुरूंना फोन करून सभेत गाते म्हणाली.

मी सभेला येणार आहे. पुढच्या रांगेत बसेन. कशी गायली ते मात्र तू मला लिहून कळवायचं, खोटं कौतुक न करता.

लोभ दोघींवरही कर.

तुझी,
अरू

चारुताच्या हाती दिलं : माझा तंबोरा, गवसणीसह. एक खुंटी सैल आहे.
तिच्याकडे परत मागितलं : जानेवारीचं माझं मत. दिलं नाही, ठेवून घेतलं.
तिच्याकडून मिळालं : एक षड्ज, समोर बसून.