वंशावळीत नसलेली आत्या

प्रिय द्वारकाआत्या,

तुझी मनीषा आत्ताच आत गेली. कोलोनोस्कोपी आहे तिची, म्हणजे कॅमेरा लावलेली नळी घालून आतडं आतून बघतात ती तपासणी. पाऊण तास लागेल म्हणाले. नेरूळच्या या हॉस्पिटलात बाहेरच्या खुर्चीवर बसून मला दुसरं काही सुचेना, म्हणून सोसायटीच्या ऑफिसची डायरी काढली आणि तुला लिहायला घेतलं. मुलगी आत असताना आईला कुणीतरी कळवायला नको का?

घाबरू नकोस. मीही फारशी घाबरलेली नाही. आत काही सापडलं तर ते लहान असतानाच सापडेल, याच हिशेबाने आम्ही तिला इथे आणलंय. पण हे सगळं कुठून सुरू झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तू जाऊन नऊ वर्षं झाली.

सुरुवात तुझ्या दादापासून, म्हणजे माझ्या बाबांपासून. दीड वर्षापूर्वी त्यांना दम लागायला लागला. रक्त कमी भरलं आणि तपासता तपासता मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आता बाबा ठणठणीत आहेत. या क्षणी ते समोर सिक्युरिटीवाल्याला नवीन विमानतळ आपल्या कुठल्या शेतावर उभा आहे ते सांगतायत. त्या बिचाऱ्याला जागा सोडून जाताही येत नाही.

तर ती गाठ तपासायला गेली. आता नुसता कॅन्सर आहे की नाही एवढंच बघत नाहीत, आत्या. गाठीतल्या जनुकांत कुठले बदल झालेत तेही बघतात, आणि त्यावरून दुखणं पुढे कसं वागेल याचा अंदाज बांधतात. एक बदल असा असतो की तो असला तर दुखणं जास्त आडमुठं निघू शकतं. तो बाबांच्या गाठीत नव्हता. दुसरा होता. पेशी नवीन तयार होताना जनुकांमध्ये ज्या चुका राहतात, त्या दुरुस्त करणारी यंत्रणाच तिथे बंद पडली होती. मी म्हटलं, संपलं. तर डॉक्टर म्हणाले, "उलट. अशी गाठ लवकर हाती लागली तर बहुतेक वेळा निकाल चांगला लागतो. बाबांसाठी ही चांगली बातमी आहे. घरच्यांसाठी मात्र विचार करायची गोष्ट आहे."

कारण असा बिघाड कधीकधी जन्मापासूनचा असतो. आईबापांकडून आलेला. बाबांचं रक्त तपासलं, आणि तो तसाच निघाला.

मग आम्हाला एका मॅडमकडे पाठवलं. घराण्यात कुणाला काय झालं होतं ते विचारून त्या कागदावर घराण्याचा नकाशा काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, जमेल तेवढी माहिती गोळा करून आणा. आणि तुला माहीतच आहे, कागद आणा म्हटलं की मला चेव येतो. मी घरी आले, कपाट उघडलं आणि जमिनीच्या फाइलमधली आपली वंशावळ काढली. पाच पिढ्या, तलाठ्याचा शिक्का, वर लॅमिनेशन. मॅडमपुढे ठेवली तेव्हा माझी मान काय ताठ होती म्हणून सांगू!

मॅडमनी ती वाचली, कोण कशाने गेलं ते मला विचारलं. म्हणाल्या, "आजोबा पोटाच्या गाठीने गेले, आता तुमचे वडील. बाकी कोणी नाही?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "तुमच्या घरात पाच पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही?"

आत्या, मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच पिढ्या आणि एक गोल नाही. मी स्वतः नाही त्यात! मी, जी तो कागद मिरवत घेऊन गेले. जमीन सिडकोने घेतल्यावर बदल्यात मिळणाऱ्या भूखंडासाठी बाबांनी ती वंशावळ करून घेतली होती. तुझ्याकडून हक्कसोड लिहून घेतलं होतं, म्हणजे तुझं नाव लावायची गरजच नव्हती. मी शाळेत होते, पण मला तो दिवस आठवतो. नवी साडी नेसून तू रजिस्ट्रारच्या ऑफिसात आलीस, हसत हसत सही केलीस आणि बाहेर बाबांनी तुला उसाचा रस पाजला. तू एवढी कशी गं सोपी? एकदा तरी नाही म्हणायचं होतंस.

मॅडमना मी तुझ्याबद्दल सांगितलं. आत्या मूळव्याधीने आजारी होती, मग पोटात पसरलं म्हणे, पंचावन्नाव्या वर्षी गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "त्यांना मुलं आहेत?"

म्हणून मी उलव्याला गेले. तुझ्या दिवसकार्यानंतर पहिल्यांदा. मनीषाने बिल्डिंगखाली गाळा घेतलाय, ब्लाउज शिवते, हाताखाली दोघी आहेत. तुझ्यासारखीच दिसायला लागलीय, फक्त सोपी नाही. मी सगळं सांगितलं. माझंही रक्त तपासलं, तो बदल माझ्यातही आहे, माझं आतडं बघून झालं, स्वच्छ निघालं, आता दरवर्षी बघायचं, एवढंच. तिला म्हटलं, तुझ्या आईत तो असला तर तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी निम्मी आहे, एकदा तपासून घे. ती मशीनवरून नजर न काढता ऐकत होती.

मग म्हणाली, "तवा तुमाला आयची सही पायजे होती. आता माजं रक्त पायजे?"

मी रिपोर्ट परत पिशवीत घातला. ही मी, आत्या. अख्ख्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिला कुणी गप्प करू शकलं नाही.

"आय हास्पिटलात होती तवा किती येला आलाव तुमी?" ती म्हणाली. "जमनीत वाटा नाय, आन रोगात बरा वाटा काडलाव. जा घरी."

मी तीनदा गेले. दुसऱ्या वेळी तिने चहा दिला, रिपोर्ट हातात घेतला नाही. तिसऱ्या वेळी मला कळलं की अशाने काही होणार नाही, आणि जे नऊ वर्षं कुणाला बोलले नव्हते ते बोलले.

तुला आठवतं ना? तू गेलीस त्याच्या आदल्या वर्षी गौरीला माहेरी आली होतीस. मागच्या मोरीपाशी मला बोलावलंस आणि सांगितलंस की दोन महिने रक्त पडतंय. मी डॉक्टरकडे चल म्हटलं. तू म्हणालीस, "सोने, मूळव्याध हाय ती. बाप्याला कुटं दाखवू? कोनाला सांगशील तर माजी शपथ हाय." आणि मी काय केलं? शिकलेली, नोकरी करणारी मी मेडिकलमध्ये गेले आणि तुला मूळव्याधीचं मलम आणून दिलं. पुढचे सहा महिने आणत राहिले. बाबांना सांगितलं नाही, मनीषाला सांगितलं नाही. तू तोंडातल्या गोळीसारखी बारीक होत गेलीस आणि मी शपथ पाळत बसले. त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटत होता, हे लिहिताना लाज वाटते.

हे मी मनीषाला तिच्या दुकानात उभी राहून सांगितलं. तिने मशीन बंद केलं. हाताखालच्या मुलींना चहा प्यायला पाठवलं.

"सा महिने?" तिने विचारलं.

"हो."

तिने कात्री उचलून खणात ठेवली. मग म्हणाली, "जा आता." मी निघाले. बसमध्ये वाटलं, आता ही जन्मात माझं तोंड बघणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "रक्ताला उपाशी यायचं का?"

मी म्हटलं, "नको, खाऊन ये."

"मंग तुज्याकडंच जेवीन," म्हणाली.

तिचा रिपोर्ट आला, आत्या. तिच्यातही आहे. म्हणजे तुझ्यातही होताच. तुझी मूळव्याध कधी मूळव्याध नव्हतीच. मॅडमनी नवा नकाशा काढला, त्यात तुझा गोल काढला आणि ज्याला हा आजार झाला त्याचा भरतात तसा काळा भरला. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, "द्वारकीचं नाव मीच नव्हतं टाकलं." नंतर जेवले नाहीत त्या दिवशी. आज मनीषाला आणायला गाडी घेऊन उलव्याला तेच गेले, सकाळी सहाला. मी येते म्हटलं तर नको म्हणाले.

थांब, बोलावतायत.

आले. ऐक. दोन पॉलिप निघाले, म्हणजे आतड्याच्या आतल्या अंगाला आलेले लहान कोंब. दोन्ही तिथेच काढून टाकले. तपासायला पाठवतील, पण डॉक्टर म्हणाले, कॅन्सरसारखं काही दिसलं नाही. असेच राहिले असते तर पुढे त्यांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही, म्हणाले. बाबा ऐकत होते. त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी रडले, लपवत नाही.

आता वचन देते, ते ऐक. मनीषाची ही तपासणी दरवर्षी होणार, माझीही. तारीख मी लावणार. ती चिडली, कामं आहेत म्हणाली, काल पोट साफ करायचं औषध पिताना मला घातल्या तशा शिव्या पुन्हा घातल्या, तरी उचलून आणीन. तिची तन्वी सोळाची आहे. अठराची झाली की तिला समोर बसवून सगळं सांगेन, आजीला काय झालं होतं इथपासून, मलमासकट. आणि आपल्या घरात कुणीही, बाई असो की बाप्या, मला रक्त पडतंय म्हणून सांगितलं आणि वर शपथ घातली, तर ती मी तिथल्या तिथे मोडेन. तुझी पाळली, ती एकदाच. परत नाही.

मनीषा शुद्धीवर आलीय. भूक लागली म्हणते. जाते.

तुझी भाची,
सोनी